ताई, पोरीवर नव्या औषधाचा अभ्यास करू द्यायचा का?

पत्र:

ताई नमस्कार. आम्ही सोलापूरचे. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे, मिसेस घरी विड्या वळते. मुलगी ९ वर्षांची आहे, तिच्या पाठीवर एक मुलगा. मुलीला ५ वर्षांची असताना रक्ताचा कॅन्सर झाला, बी सेलचा ए.एल.एल. म्हणतात तो. मुंबईला अडीच वर्षं ट्रीटमेंट केली, सगळं संपलं, शाळेत जायला लागली. त्याला १४ महिने झाले आणि आता परत आलाय. बोन मॅरोत आहे, पाठीच्या पाण्यात नाही म्हणाले. डॉक्टर म्हणतात केमो परत द्यावी लागेल आणि केमोसोबत एक टार्गेटेड औषध देऊन बघायचा अभ्यास चालू आहे, त्यात घालायचं का ते ठरवा. २२ पानांचा इंग्रजी कागद दिलाय, शुक्रवारी सांगायचंय. माझी आई म्हणते पोरीला उंदीर करू देणार नाही. मेव्हणे म्हणतात विडी घरकुलातलं घर विका आणि भारी औषध आणा, त्यांनी व्हॉट्सॲपवर आयआयटीचं काहीतरी पाठवलंय. मिसेसला फक्त तेलुगू वाचता येतं, ती नुसती रडते. आणि पोरगी सारखं विचारते, पप्पा परत केस जाणार का. काय करू सांगा.

उत्तर:

भाऊ, तुमचं पत्र रात्री वाचलं, सकाळी परत वाचलं, कारण पहिल्या वेळेस मी मुलीच्या त्या केसांच्या प्रश्नापाशीच अडकले. त्याचं उत्तर शेवटी देते, आधी शुक्रवारचं बघू, दिवस कमी आहेत.

मी डॉक्टर नाही. लहान मुलांच्या वॉर्डात २६ वर्षं सिस्टर होते, त्यातली बरीच वर्षं कॅन्सरच्या मुलांमध्ये गेली. तुमच्या मुलीचे रिपोर्ट मी बघितलेले नाहीत आणि कागदावर कुठल्या औषधाचं नाव आहे तेही तुम्ही लिहिलेलं नाही. पण माझं मत लपवत नाही, पहिल्यांदाच सांगून टाकते. केमो पूर्ण मिळणार असेल आणि त्याच्या जोडीला नवं औषध असेल, आणि मी खाली लिहिते त्या प्रश्नांची सरळ उत्तरं तुम्हाला डॉक्टरांकडून मिळाली, तर माझी नात असती तर मी हो म्हटलं असतं. उत्तरं देताना कुणी टाळाटाळ केली तर नाही म्हटलं असतं आणि नेहमीची केमो सुरू केली असती. दोन्हीत एक गोष्ट सारखी, उपचार लगेच सुरू करायचा. अभ्यासात जायचं का नाही ह्यावर घरात पंधरा दिवस वाद घालत बसलात तर तेवढ्यात आजार पुढे जाईल.

आता तुमच्या पत्रातली एक चांगली गोष्ट. १४ महिने. तुम्हाला ते वाईट वाटतंय, की एवढं करून १४ महिन्यांतच परत आला, पण डॉक्टर हे वेगळं मोजतात. आजार पहिल्यांदा कळल्यापासून १८ महिन्यांच्या आत परत आला तर फार लवकर आला म्हणतात, ट्रीटमेंट संपून ६ महिने व्हायच्या आत आला तर लवकर, आणि ६ महिने उलटून गेल्यावर आला तर उशिरा. तुमच्या मुलीचा उशिरा आलेला आहे, बी सेलचा आहे, आणि असा आजार केमोला दाद द्यायची शक्यता लवकर परत येणाऱ्यापेक्षा चांगली असते. हमी नाही देत मी, पण सगळं संपलं असं जे कुणी तुमच्या घरात येऊन बोलून जातंय ना त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

पहिल्या महिन्याची केमो झाली की परत बोन मॅरो काढतील आणि एमआरडी नावाची टेस्ट करतील. म्हणजे मायक्रोस्कोपखाली सगळं साफ दिसतं तरी १०,००० पेशींत एखादी खराब पेशी लपलीय का ते शोधायचं. ह्या रिपोर्टवर पुढचा रस्ता ठरतो. तो चांगला आला तर उशिरा परत आलेल्या मुलांना बऱ्याच ठिकाणी बोन मॅरो ट्रान्सप्लांटशिवाय नुसत्या केमोवर पुढे नेतात, चांगला नाही आला तर ट्रान्सप्लांटचा विचार होतो. म्हणून धाकट्याची मॅचिंगची तपासणी कधी करायची ते आत्ताच विचारून ठेवा. सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक असते, जुळलं नाही तर त्या पोराचा काही दोष नाही हे त्यालाही सांगा, लहान मुलं मनात ठेवतात.

टार्गेटेड म्हणजे काय ते मागाच्या भाषेत सांगते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. समजा शेडमधला एक माग खराब कापड विणतोय आणि थांबतच नाहीये. केमो म्हणजे मेन स्विच पाडणं. तो माग थांबतो पण त्याच्याबरोबर बाकीचेही थांबतात, म्हणून केस जातात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी खाली येतात, कारण केसाची मुळं, तोंडाची आतली कातडी, मॅरोतलं नवं रक्त हे सगळं भराभर वाढणारं आहे आणि केमो भराभर वाढणाऱ्या सगळ्यांवरच पडते. टार्गेटेड औषध त्या एका मागाची मोटर शोधतं, म्हणजे कॅन्सरच्या पेशीवर एखादी खूण असते किंवा आत एखादा स्विच चालूच्या चालूच अडकलेला असतो, त्याच्यावर नेम धरतं. मग नुसतं तेच का देत नाहीत, केमोचा त्रास कशाला, हा पुढचा प्रश्न. तर सगळ्या खराब पेशी एकसारख्या नसतात, काहींवर ती खूणच नसते, काही औषधाला चकवायला शिकतात, आणि त्या उरल्या की परत वाढतात. म्हणून दोन्ही बाजूंनी एकदम.

आता तुमच्या आईचा उंदीर. त्यांना खोटं पाडू नका भाऊ, त्या हवेत बोलत नाहीयेत. आपल्या देशात गरिबांना धड न सांगता औषधांच्या चाचण्यांत घातल्याच्या तक्रारी झाल्या, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २०१३ साली नियम कडक झाले आणि २०१९ मध्ये नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी स्वतंत्र नियमावलीच आली. आजच्या कागदाला २२ पानं आहेत ती त्या भांडणामुळेही आहेत.

पण आईंना हेही सांगा की पोरीला पहिल्या वेळी जे दिलं, ज्याने ती शाळेत परत गेली, ते प्रत्येक औषध कधीतरी असंच नवं होतं. १९४८ पर्यंत ह्या आजाराची मुलं काही आठवड्यांत, काही महिन्यांत जायची, करण्यासारखं काही नव्हतंच. त्या वर्षी छापून आलं की अमेरिकेत बोस्टनला डॉ. सिडनी फार्बर ह्यांनी अमिनोप्टेरिन नावाचं औषध मुलांना दिलं आणि पहिल्यांदा काही मुलांचा आजार मागे हटला, थोड्याच महिन्यांसाठी, पण हटला. आणि ते औषध तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत संशोधनाचं काम कोण बघत होतं माहितीये? यल्लाप्रगडा सुब्बाराव, भीमावरमचे, तेलुगू माणूस. त्याच्याच जोडीचं मेथोट्रेक्सेट, पिवळं इंजेक्शन, तुमच्या मुलीच्या पाठीतून दिलेलं तुम्ही बघितलं असेल. हे तुमच्या मिसेसना तेलुगूत सांगा, रडत असल्या तरी सांगा. तिथून एकेक औषध जोडत जोडत, दर वेळी अभ्यास करत करत, आज श्रीमंत देशांत ह्या आजाराची दहातली जवळपास नऊ मुलं बरी होतात.

केमोला टार्गेटेड जोडल्यावर काय झालं त्याची तीन उदाहरणं देते, चांगलं आणि वाईट दोन्ही, म्हणजे तुम्हाला डॉक्टरांशी बोलताना अंदाज राहील.

पहिलं इमॅटिनिब. ह्या आजाराच्या थोड्याच मुलांमध्ये फिलाडेल्फिया क्रोमोसोम नावाचा दोष असतो, तो स्विच चालू अडकल्याचा प्रकार. त्यांचे हाल व्हायचे, पूर्वीच्या केमोवर ३ वर्षांनी आजार परत न येता राहणारी मुलं साधारण ३५ टक्के. केमोसोबत हे औषध सलग दिलं तर तो आकडा ८० टक्क्यांपर्यंत गेला, २००९ साली छापून आलं. ही मुलं पहिल्यांदाच आजारी पडलेली होती आणि थोडी होती, पण त्या एका अभ्यासाने दिशाच बदलली. तुमच्या मुलीत तो दोष आहे का हे तिच्या जुन्या रिपोर्टमध्ये असेल, फाइल चाळा.

दुसरं ब्लिनाटुमोमॅब. बी सेलवर सीडी १९ नावाची खूण असते, हे औषध एका हाताने ती खूण धरतं आणि दुसऱ्या हाताने शरीराच्याच लढणाऱ्या टी पेशीला ओढून आणतं, दोघांची गाठ घालून देतं. पंपाने २८ दिवस सलग चढवावं लागतं. २०२१ मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी आले, दोन्ही पहिल्यांदा आजार परत आलेल्यांचे. अमेरिकेतल्या अभ्यासात सगळ्यांना आधी महिनाभर केमो दिली, मग २०८ जणांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं, एका गटाला पुढची दोन आवर्तनं केमोची, दुसऱ्याला दोन ब्लिनाटुमोमॅबची. २ वर्षांनी जिवंत असलेले केमोच्या गटात ५८.४ टक्के, नव्या औषधाच्या गटात ७१.३ टक्के. आणि मला सिस्टर म्हणून जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की जंतुसंसर्ग कितीतरी कमी झाले, रक्तात जंतू पसरणं केमोच्या गटात पहिल्या आवर्तनात २७ टक्के होतं ते इकडे २ टक्के. युरोपातल्या १०८ मुलांच्या अभ्यासात २ वर्षं आजाराविना राहिलेली ६६.२ टक्के, नुसत्या केमोवर २७.१. मग हे औषध पहिल्यांदाच आजारी पडलेल्या मुलांत वापरून बघितलं, १,४४० मुलांत, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्याचा निकाल आला, ३ वर्षांनी आजार न परतलेली ९६ टक्के, नुसत्या केमोवर ८७.९. म्हणजे आजार परत आलेल्या मुलांनी आधी वाट काढली आणि पुढच्या कितीतरी मुलांचा आजार परत यायचाच थांबला. हे लिहिताना मला भरून येतं, खरंच.

तिसरं बोर्टेझोमिब. हे आधी मोठ्या माणसांच्या मायलोमा नावाच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आलं, पेशीच्या आत खराब प्रथिनांचा कचरा उचलणारी यंत्रणा असते ती बंद पाडतं, कचरा साठतो, पेशी मरते. दोन-तीन वेळा ट्रीटमेंट होऊनही आजार परत आलेल्या २२ मुलांना ते केमोच्या चार औषधांबरोबर दिलं, २०१२ साली छापून आलेला अभ्यास, त्यातल्या १६ मुलांचा आजार मागे हटला. एवढ्या वेळा परत आलेल्या आजारात हे फार चांगलं मानलं गेलं. पण त्याच २२ मधली ३ मुलं जंतुसंसर्गाने गेली. मग पुढच्या मुलांना आधीपासूनच अँटिबायोटिक आणि बुरशीविरुद्धचं औषध सुरू केलं. मी हे तुमच्यापासून लपवू शकले असते, पण ही बाजू माहिती नसताना केलेली सही ही सही नव्हे. जोडीने दिलेलं औषध फायदा वाढवतं तसा कधीकधी त्रासही वाढवतं, हाता-पायाला मुंग्या येणं व्हिंक्रिस्टिन नावाच्या केमोच्या औषधानेही होतं आणि बोर्टेझोमिबनेही, दोन्ही मिळून किती होतं तेच तर अभ्यासात मोजतात.

आणि हे मी का एवढं ताणून सांगतेय त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी ड्यूटी बदलायच्या वेळी एक आई असाच कागद घेऊन माझ्याकडे आली होती, सिस्टर काय लिहिलंय सांगा ना म्हणून, आणि मी घाईत म्हणाले, करा हो सही, सगळेच करतात. तिने केली. पोराला पुढे खूप उलट्या झाल्या, तोंड आलं, आणि ती बाई प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायची, मी काय केलं सिस्टर माझ्या लेकराला, म्हणून. त्रास नेहमीच्या केमोचाच होता, पण तिला ते कुणी सांगितलं नव्हतं, मीही नाही. १० मिनिटं बसले असते तिच्याजवळ तर पुरलं असतं. तेव्हापासून कुणी कागद पुढे केला की मी खुर्ची ओढते.

तर शुक्रवारी तुम्हीही खुर्ची ओढा. उभ्याने, दारात, राउंडच्या मध्ये बोलू नका, आम्हाला बसून अर्धा तास पाहिजे असं स्पष्ट म्हणा. पहिली मागणी, कागद मराठीत द्या आणि पोरीच्या आईसाठी तेलुगूत द्या किंवा तेलुगू जाणणारं माणूस बसवून वाचून दाखवा. कळणाऱ्या भाषेत समजावून घेणं हा तुमचा हक्क आहे, उपकार नाही. काही अभ्यासांत संमती घेताना व्हिडिओ शूटिंग करतात, घाबरू नका, ते तुमच्याच बाजूचं आहे, नीट समजावलं होतं का ह्याचा पुरावा राहतो.

मग विचारा, आम्ही नाही म्हटलं तर पोरीला नक्की कुठली ट्रीटमेंट मिळेल, आणि हो म्हटलं तर त्यात काय काय वेगळं होईल, दोन्ही शेजारी शेजारी लिहून द्या. हा एक प्रश्न सगळ्यात मोठा आहे, बाकी विसरलात तरी चालेल. अभ्यास कुठल्या टप्प्याचा आहे विचारा. पहिला टप्पा म्हणजे मुलांना किती डोस झेपतो ते शोधतात, थोडी मुलं, कमी डोसपासून सुरू, त्यात फायदा होईलच असं कुणी म्हणू शकत नाही. दुसऱ्यात औषध काम करतं का ते बघतात. तिसऱ्यात कॉम्प्युटरने चिठ्ठ्या टाकून दोन गट, एकाला आजची सर्वात चांगली माहिती असलेली केमो, दुसऱ्याला नवीन पद्धत. निम्म्या पोरांना साखरेचं पाणी देऊन ठेवतात असं तुमच्या कारखान्यात कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा, केमोच्या गटालाही पूर्ण उपचार मिळतो. पण त्या गटात गेलात तर नवं औषध मिळणार नाही, आणि कुठल्या गटात जायचं ते तुम्ही ठरवू शकत नाही, डॉक्टरसुद्धा नाही.

जादा किती वेळा रक्त काढणार, बोन मॅरो जादा काढणार का, त्यासाठी मुंबईला जादा किती खेपा, हे विचारा, कारण तुमची रोजी बुडते. अभ्यासाचं औषध फुकट असतं पण राहणं, खाणं, बाकीच्या औषधांचं काय? औषधामुळे काही इजा झाली तर उपचार मोफत करायची आणि नुकसानभरपाईची तरतूद नियमात आहे, कागदावर ते कुठल्या पानावर लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला सांगा. एथिक्स कमिटीचा, म्हणजे अभ्यासातल्या पेशंटवर अन्याय होत नाही ना ते बघणाऱ्या समितीचा, फोन नंबर त्याच कागदावर असतो, तो मोबाइलमध्ये घाला. अभ्यासाचा सीटीआरआय नंबर, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला नंबर, मागून घ्या, भारतात २००९ पासून औषधाची प्रत्येक चाचणी तिथे नोंदवावीच लागते आणि ती नोंद कुणीही बघू शकतं, शेजारच्या कॉलेजच्या पोराला सांगितलं तर दोन मिनिटांत काढून देईल. सही केलेल्या कागदाची प्रत तुमच्याकडे पाहिजे. आणि नंतर मन बदललं तर कधीही बाहेर पडता येतं, कारण सांगावं लागत नाही, नेहमीचा उपचार थांबत नाही. फक्त बाहेर पडायचं म्हणजे गाडी पकडून सोलापूरला निघून यायचं नाही, डॉक्टरांना सांगून बाहेर पडायचं, काही औषधं एकदम बंद करणं धोक्याचं असतं.

मेव्हण्यांच्या व्हॉट्सॲपचं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी मिळून तयार केलेली कार-टी उपचारपद्धत खरी आहे, पेशंटच्याच टी पेशी काढून त्यांना सीडी १९ ओळखायला शिकवून परत चढवतात, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला आपल्या देशात परवानगी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सुरुवात झाली. आपल्या माणसांनी केलेली मोठी गोष्ट आहे. पण ती परवानगी १५ वर्षं आणि त्यावरच्या पेशंटसाठी होती, आणि ज्यांचा आजार बाकीच्या उपचारांना दाद देत नाही त्यांच्यासाठी. तुमची मुलगी ९ ची आहे आणि तिच्या आजाराला अजून पहिला धक्काही दिलेला नाही. पुढे गरज पडली तर डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा. आज घर विकू नका. मेव्हण्यांना म्हणावं एवढीच काळजी असेल तर एक आठवडा धाकट्याला सांभाळा, नाहीतर सिद्धेश्वर एक्सप्रेसचं रिझर्वेशन करून द्या.

पैशाचं आधी हे करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं तिथे रेशन कार्ड, आधार घेऊन जा, आणि कुठला खर्च योजनेत बसतो, कुठला नाही ते लिहून घ्या. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन बसा, लाजू नका, ट्रस्टची मदत, राहायची सोय, सगळं तिथूनच हलतं. मुंबईत सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं कॅन्सरच्या मुलांना आणि आईवडिलांना विनामूल्य ठेवून घेतात, त्यासाठी हॉस्पिटलची चिठ्ठी लागते. रेल्वेच्या तिकिटात कॅन्सर पेशंटला सवलत आहे, तो फॉर्म पहिल्याच दिवशी भरून घ्या.

आता घरचं, कारण मुली मुंबईत सांभाळल्या जातात आणि सोलापुरात दोन आठवड्यांच्या सुट्टीवर आल्या की बिघडतात, हे मी किती वेळा बघितलंय. पांढऱ्या पेशी खाली असताना ताप १०० पूर्णांक ४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री २ वाजता असला तरी रिक्षा करून जायचं. त्यासाठी आत्ताच मुंबईच्या डॉक्टरांकडून एक पत्र लिहून घ्या, कुठली केमो चालू आहे, अभ्यासातलं औषध कुठलं, ताप आला तर कुठलं अँटिबायोटिक, कुणाला फोन करायचा. ते पत्र दाराच्या मागे खिळ्याला लावून ठेवा आणि सिव्हिलमध्ये किंवा तुमच्या जवळच्या मुलांच्या डॉक्टरला आधीच दाखवून या.

आपल्याकडे पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं, टाकीतलं आणि पिंपातलं साठवलेलं पाणी तिला कच्चं द्यायचं नाही, उकळून, झाकून, वेगळ्या भांड्यात, वरून ओतून घ्यायचं, आत ग्लास बुडवायचा नाही. विड्या वळायचं काम बंद करा असं मी म्हणणार नाही, घर त्यावर चालतं हे मला कळतं, पण तंबाखूचं सूप आणि ती पोरगी एका खोलीत नको. मिसेस शेजारणीच्या ओसरीत बसू शकतील का बघा, आणि हात-तोंड धुऊन, साडी बदलून मगच तिला जवळ घ्या. जानेवारीत गड्ड्याची यात्रा आली की पोरगी हट्ट करेल, गर्दीत नेऊ नका, सिद्धेश्वरांना घरूनच नमस्कार.

आणखी एक. कुणीतरी सांगणार तुम्हाला, सदाफुलीची पानं द्या, त्यातूनच कॅन्सरचं औषध निघतं. खरंय, व्हिंक्रिस्टिन सदाफुलीतूनच येतं, अंगणातल्या त्याच झाडातून. पण हजारो किलो पानांतून चिमूटभर निघतं, शुद्ध करून, मोजून, शिरेतून देतात. पानं चावून ते मिळत नाही, विषबाधा मिळते. तसंच काढे, पुड्या, गावठी औषधं, अगदी ग्रीन टी आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्यासुद्धा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. ग्रीन टीतला एक घटक प्रयोगशाळेत बोर्टेझोमिबचं कामच बंद पाडताना दिसलाय. तुमच्या आई प्रेमानेच काढा करणार, त्यांना आत्ताच सांगून ठेवा, नंतर चोरून देतील. त्यांना काहीतरी काम द्या, मऊ ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून ताजी ताजी करून देणं हे त्यांच्याइतकं कुणाला जमणार नाही, तोंड आल्यावर कडक भाकरी आणि शेंगा चटणी तिला लागेल, मऊच द्या.

आता तिचा प्रश्न.

हो म्हणून सांगा भाऊ. परत केस जाणार, आणि परत येणार. तिला ५ व्या वर्षी फसवून नेलं असेल, चल गंमत बघायला जाऊ म्हणून, तेव्हा चाललं, आता ती ९ ची आहे. ७ वर्षांच्या पुढच्या मुलांना अभ्यासात घ्यायच्या आधी त्यांचंही हो विचारावं अशी आपल्याकडची पद्धत आहे, म्हणजे डॉक्टर तिच्याशी बोलणारच आहेत, तर तिला ते तुमच्या तोंडून आधी कळू द्या. शुक्रवारच्या आधी, गाडीत नाही, घरी, तिघं बसून. आजाराचं नाव घ्या, परत आलाय म्हणा, औषध परत घ्यायचंय म्हणा, ह्या वेळेस एक नवीन औषधही आहे आणि ते कसं काम करतं हे डॉक्टर बघतायत म्हणा. तिने काही चूक केली म्हणून आला नाही, हे तिने विचारलं नाही तरी सांगा, सगळी मुलं मनातल्या मनात तेच विचारत असतात. तुमच्या डोळ्यात पाणी आलं तर येऊ द्या.

केसांचं मात्र तिला ठरवू द्या. गळायची वाट बघायची का आधीच बारीक कापायचे, कोण कापणार, वेणी जपून ठेवायची का. वॉर्डात एक मुलगी होती तिने आजीकडून कापून घेतले होते, आजीचा हात थरथरत होता आणि पोरगीच तिला सांगत होती, आज्जी वाकडं झालं तरी चालतंय, टोपी घालणारंय मी.